हुसेनबीचं पेव

पेवातल्या ज्वारीची भाकरी ज्याने खाल्ली नाही, त्याला हुसेनबी समजावून सांगणं अवघड आहे. तरी सांगते. त्या वेळच्या बायकांमध्ये आता मी एकटीच उरले, तीसुद्धा गुडघे गेलेली. माझ्यानंतर तिचं नाव घेणारं कोणी राहील असं वाटत नाही.

आधी पेव म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढे मधेमधे विचारायला नको. जमिनीत खोल खड्डा खणायचा, तोंड अरुंद, आत रांजणासारखं पोट. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून चिखलाने लिंपून टाकायचं. आत वारा नाही, पाणी नाही, किडा नाही. ज्वारीला उग्र वास लागतो, भाकरी जरा आंबूस होते, पण माणूस जगतो. एक मात्र लक्षात ठेवा. पेव एकदा उघडलं की त्याच दिवशी रिकामं करावं लागतं. वारा लागला की राहिलेली ज्वारी सडते. थोडं उघडून थोडं काढू, असं पेवाच्या बाबतीत चालत नाही. म्हणून पेव भरणं सोपं. उघडायचं कधी, हे ठरवणं कठीण.

आमच्या गावात ते हुसेनबी ठरवायची.

ती पिंजाऱ्याची विधवा. आमचं गाव अंबडच्या खालच्या अंगाला, कोरड्या रानाचं. माझं लग्न होऊन मी तिथे आले तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि आमच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे हुसेनबीचं पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं तातीचं धनुष्य, दिवसभर टँव टँव करत असायचं. नवरा गेल्यावर तिने ते स्वतः खांद्याला लावलं. तिच्या नातेवाइकांनी सांगून पाहिलं की बाईमाणसाने पिंजण चालवायचं नसतं. ती म्हणाली, "बराबर हाये. मंग तुमी चालवा अन् मला भाकर आणून द्या." भाकर कोणी आणून दिली नाही, पिंजण चालू राहिलं.

तिच्या केसांत, भुवयांत, पदराच्या काठाला सदा कापसाचे धागे चिकटलेले असायचे. खोकला कायमचा. उठताना "थक गई मां" म्हणायची, बसतानाही "थक गई मां" म्हणायची. मी एकदा चिडून म्हटलं, मावशी, बसल्यावर तरी म्हणू नका. तर म्हणाली, "बसल्यावरच तर कळतं गं वच्छी, किती थकले ते." आमच्याशी मराठी बोलायची आणि राग आला की दखनीत शिरायची.

तिची एक खोड अशी की भाकरी कधी पूर्ण खायची नाही. शेवटचा चतकोर पदराच्या टोकाला बांधून ठेवायची. तो वाळून खडंग व्हायचा. कोणाचं लेकरू रडत आलं, वाटेवर कोणी भिकारी बसलेला दिसला, की गाठ सुटायची. दुसऱ्या दिवशी नवा चतकोर. स्वतः तिने तो कधी खाल्लेला मी पाहिला नव्हता. दानधर्म म्हणावा तर तसंही नव्हतं, कारण देताना ती तोंडाने शिव्या घालत असायची. तिच्या मते गाठ रिकामी राहिली की त्या दिवशी झोप येत नाही, एवढंच.

आमच्या गावात गढीवाल्या देशमुखांची पेवं होती, ओळीने. ती सगळीच्या सगळी रिकामी झालेली कधी कोणी ऐकली नाहीत. आणि बाकीच्या गावाची गत अशी की आषाढ लागला की कणगीचा तळ दिसायचा. मग बायका टोपली घेऊन गढीच्या दारात उभ्या राहायच्या. टोपलीभर ज्वारी मिळायची, पण तिच्या बदल्यात पुढच्या सगळ्या सुगीला गढीच्या रानात फुकट राबायचं. स्वतःचं शेत तसंच पडायचं, म्हणजे पुढच्या आषाढात पुन्हा टोपली. माझी सासू त्या दारात उभी राहिली होती, तिची सासूही राहिली होती. आम्हाला ते पावसाळ्याइतकंच ठरलेलं वाटायचं.

एका पावसाळ्यात हुसेनबीच्या अंगणातली भिंत खचली आणि खाली जुन्या पेवाचं तोंड लागलं. कोणी खणलं, कधी खणलं, कोणाला माहीत नव्हतं. जागा उंचवट्यावरची, पांढऱ्या मातीची, ओल नावाला नाही. दुसरी एखादी असती तर तिने भिंत पुन्हा बांधली असती. ही दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या भोकाकडे बघत उभी राहिली आणि मग घरोघर हिंडली.

म्हणणं एवढंच होतं: सुगीला सरवा वेचतो, तो इथे आणून टाका. सरवा म्हणजे कापणी झाल्यावर रानात पडून राहिलेली कणसं. ती वेचणाऱ्याची असतात, त्यावर मालकाचा हक्क नाही, देशमुखाचाही नाही. सगळ्या गरीब बायका सरवा वेचायच्या आणि महिन्याभरात खाऊन टाकायच्या. हुसेनबी म्हणाली, "सुगीत पोट भरलेलंच अस्तंय. तवाचा घास खाली ठिवा, पोळ्यानंतर काढू. त्या दारात न्हाई जायचं मला आता. माझे पाय दुखतेत."

पाय दुखण्याचंच कारण तिने सगळ्यांना सांगितलं. मोठं बोलणं तिला जमत नसे.

पहिलं भांडण आमच्याच घरात झालं. सरवा वेचणाऱ्यांत महारवाड्यातली रखमा होती, मांगवाड्यातल्या बायका होत्या. सगळ्यांची ज्वारी एकाच पोटात पडणार, मग आपली कोणती आणि त्यांची कोणती? आत्याबाई, म्हणजे माझी सासू, रुसून बसल्या. हुसेनबी आली, उंबऱ्यात टेकली, "थक गई मां" म्हणाली आणि विचारलं, "कोरडं धान्य बाटतंय का हो आत्याबाई? तुमच्या शास्त्रात काय लिव्हलंय?" आता कोरडं धान्य बाटत नाही हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. शिजलं की बाटतं.  आत्याबाई म्हणाल्या, "बाटत न्हाई. पण आत आधी माझी पडली पाह्यजे." हुसेनबी लगेच कबूल झाली. पहिल्या टोपलीचा मान आत्याबाईंना मिळाला आणि आत्याबाईंनी तो पुढे वर्षानुवर्षं सोडला नाही.

दुसरं भांडण आत कोणी उतरायचं यावर. बंद पेवात विषारी वाफ साचते. उघडल्यावर आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा. विझला तर लिंबाचे डहाळे वरखाली करून वारा घालायचा आणि थांबायचं. कधी कधी कंदील जळत राहतो आणि तरीही माणूस आत गुदमरतो. गढीच्या पेवांत उतरायला नेहमी रखमाचा नवरा सटवा जायचा, त्याच्याआधी त्याचा बाप जायचा, आणि बाप तिथेच गुदमरून गेला होता. आमचं पेव पहिल्यांदा उघडलं तेव्हा सटवा सवयीने पुढे झाला. हुसेनबीने त्याला बाजूला बसवलं. "ज्वारी सगळ्यांची, तर मरण एकाच गल्लीचं कशाला? बारी लावा." पहिली बारी माझ्या मालकांची निघाली. वर आले तेव्हा चेहरा हळदीसारखा झालेला.  त्या दिवसापासून आमच्या घरात सटवाला 'अरे-तुरे' झालं नाही, आणि त्याचं कारण कोणी बोलून दाखवलं नाही.

पण हुसेनबीची खरी ओळख म्हणजे तिचे दोन शब्द. "अब्बी नक्को."

श्रावण लागला की बायका तिच्या अंगणात येऊन बसायच्या. उगाच. कापूस निवडू लागायच्या, खोकल्याची विचारपूस करायच्या. मग एखादी म्हणायची, कणगी संपली. हुसेनबी पिंजणाची तात न थांबवता म्हणायची, "अब्बी नक्को." लेकरं केना-तांदूळज्याची भाजी खाऊन आहेत. "अब्बी नक्को." तिचंही पोट रिकामं असायचं, हे आम्हाला दिसायचं, म्हणून जास्त राग यायचा. पोट भरलेल्या माणसाला शिव्या देता येतात, उपाशी माणसाला कशा देणार? तरी दिल्या. मी भिंतीपलीकडून दिल्या, तिला ऐकू जातील अशा.

एका वर्षी ढग लवकर आले. पीक जोमात येणार असं सगळे म्हणाले. आत्याबाईंनी पुढाकार घेतला, बायका जमल्या, आणि आषाढातच पेव उघडायला लावलं. हुसेनबी "अब्बी नक्को" म्हणून दमली, मग बाजूला झाली. आम्ही पोटभर खाल्लं. श्रावणात पावसाने पाठ फिरवली, पिकं करपली, आणि भाद्रपदात आम्ही सगळ्या टोपल्या घेऊन पुन्हा गढीच्या दारात उभ्या होतो. हुसेनबीही होती. आमच्यामागे, टोपली डोक्यावर. मला वाटलं, आता बोलेल, सांगितलं होतं म्हणेल. ती फक्त पाय बदलत उभी राहिली. आत्याबाईंनी शेवटी आपणच वळून म्हटलं, "बोल की गं एकदाचं." हुसेनबी म्हणाली, "काय बोलू? माझी टोपली बी रिकामीच हाये." त्यानंतर तिच्या शब्दावर कोणी हट्ट केला नाही. कुरकुर केली, ती आमची सवयच.

मोठ्या लढाईच्या दिवसांत सरकारी लेव्ही आली, म्हणजे सक्तीची धान्यवसुली. गिरदावराची, म्हणजे महसुली अंमलदाराची माणसं लोखंडी सळई घेऊन घरोघर जमीन टोचत फिरायची. गढीची पेवं त्यांना दिसायची नाहीत, आमच्या कणग्या तेवढ्या दिसायच्या. हुसेनबीने पेवाच्या तोंडावरच चूल मांडली आणि मोठ्या गाडग्यात आंबील रटरटत ठेवली. सळईवाले आले. ही म्हणाली, "टोचो बाबा, पर चूल बुझी तो फुंकना तुमकोच पडेगा." ते उन्हातून आलेले, घशाला कोरड. आंबील प्यायले, आशीर्वाद घेऊन गेले. गेल्यावर हुसेनबी बराच वेळ हसली आणि हसता हसता खोकल्याने बेजार झाली. तिला इतकं हसताना मी तेवढंच पाहिलं.

अशी वर्षं गेली. फार काही बदललं म्हणता येत नाही. गढी होती तिथेच होती. आम्ही टोपली घेऊन जाणं बंद केलं, एवढाच फरक. त्या एवढ्यासाठी किती मन मारावं लागलं, ते आमचं आम्हाला माहीत.

मग ज्या वर्षी राज्य गेलं ते वर्ष आलं.

उन्हाळ्यात एका बाजूच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या, घरातलं धान्य-भांडं उचलत होत्या. आमच्या गल्लीत आल्या तेव्हा हुसेनबी दारात आडवी बसली आणि त्यांच्याच बोलीत म्हणाली की मी विधवा बाई, रुईशिवाय इथे काही नाही, आणि ही शेजारची घरं माझ्याहून कंगाल. ती त्यांच्या धर्माची, तिच्यावर विश्वास ठेवून ते पुढे गेले. पोळा झाला तरी त्या वर्षी तिने पेव उघडलं नाही. "घरात ज्वारी आली की लुटंल कुणीबी. जमिनीत हाये तवर आपली हाये. अब्बी नक्को."

भाद्रपदात फौज आली, निजामाचं राज्य संपलं आणि वारं फिरलं. आता दुसऱ्या बाजूची माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन निघाली. शेजारच्या गावात मुसलमानांची घरं जळल्याचा धूर आमच्या धाब्यावरून, मातीच्या छपरावरून, दिसला. आमच्याकडे आले ते परगावचे होते, पण त्यांच्या मागे आमच्या गावचेही चेहरे होते. नावं घेत नाही, त्यांची नातवंडं आहेत.

ते हुसेनबीच्या दाराशी पोचले तेव्हा आत्याबाई तिच्या अंगणात गेल्या आणि पेवाच्या फरशीवर मांडी घालून बसल्या. कमरेची चंची काढून पान लावू लागल्या. मग रखमा आली, मी गेले, बाकीच्या आल्या.

"आजीबाई, उठा हितून. तुमाला काय करायचं हाये?" त्यातला परगावचा एक म्हणाला.

"खाली माझी ज्वारी हाये," आत्याबाई म्हणाल्या. "घर पेटलं की धाबं पेवावर पडंल. भरून देतोस का? गावाच्या तोंडात घास घालतोस का वर्षभर?"

तो आमच्या गावच्यांकडे बघू लागला. त्यांच्याही बायकांची ज्वारी खाली होतीच. ते खाली मान घालून उभे राहिले. थोड्या वेळाने सगळे गेले.

लोक म्हणतात, काय माया होती. होती. पण ज्वारी बी होती. फरशीखाली काही नसतं तर आम्ही तशाच बसलो असतो का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर माहीत नाही. हुसेनबीला ते माहीत होतं, असं मला वाटतं.

त्यानंतरचे दिवस वाईट. बाजार बंद, अंबडला गाडी जाईना, गढीवाले कुलूप घालून निघून गेलेले. खरिपाची कणसं अजून दुधात. घराघरात उपास पडू लागले. आणि पेव बंदच. पण त्या खेपेला कोणी हुसेनबीच्या अंगणात जाऊन बसेना. सगळ्यांना एकच गोष्ट कळत होती आणि ती कोणी बोलत नव्हतं. पेव भरलेलं आहे तोवर तिच्या घराला कोणी हात लावणार नाही. रिकामं झालं की ते एका मुसलमान बाईचं घर उरणार. ज्वारी मागणं म्हणजे काय मागणं होतं, ते आम्हाला कळत होतं.

रखमाची सून बाळंत झाली होती. दूध उतरत नव्हतं. रखमा एका सकाळी आली आणि हुसेनबीच्या समोर बसली.  कापूस निवडत राहिली. मी भिंतीला टेकून उभी होते. हुसेनबीने पिंजण चालवलं, थांबवलं, पुन्हा चालवलं. मग भिंतीला टेकवून ठेवलं.

"उद्या खोलू," ती म्हणाली.

रखमा म्हणाली, "म्या काय मागायला न्हाई आले, हुसेनबी."

"म्हाईत हाये. म्हणून तर."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, पेव रिकामं झालं तर तुमचं कसं? चार दिवस थांबा. गडबड शांत होऊ द्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर शौर्य वगैरे काही नव्हतं. फार थकलेली दिसत होती. "मला कळत न्हाई का गं वच्छी? इतकी सालं तुमाला थांबवलं ते तुमच्यासाठी. आता माझ्यासाठी थांबवलं, तर गढीत अन् माझ्यात फरक काय राह्यला?"

दुसऱ्या दिवशी पेव उघडलं. कंदील सोडला, डहाळे फिरवले, बारी सटवाच्या धाकट्या पोराची होती, तो उतरला. हुसेनबीने तिच्या लाकडी पायलीने सगळ्यांना मोजून दिलं, रखमाला आधी. आत्याबाईंनी पहिल्यांदाच मान मागितला नाही. पुढे लोक सांगू लागले की हुसेनबीने आपला वाटा घेतलाच नाही. खोटं आहे. घेतला, बराबर घेतला, गोणीचं तोंड स्वतः शिवलं. संत करू नका तिला. तिलाही खायला लागायचं.

सगळे गेल्यावर तिने रिकामं पेव झाडून घेतलं, आत लिंबाच्या पाल्याचा धूर दिला, फरशी बसवली आणि कडेने चिखल लिंपला. काही नसलेल्या पेवाचं तोंड ती इतक्या काळजीने का लिंपतेय, मला कळेना. मी पाणी ओतून दिलं.

तिचा मुलगा महेबूब जालन्याला जिनिंगात कामाला होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आडवाटेने बैलगाडी घेऊन आला, आईला न्यायला. आत्याबाई म्हणाल्या, "कुठं जातीस? आमी बसू की पेवावर."

हुसेनबी हसली. "रिकाम्या पेवावर कोण किती दिवस बसंल, आत्याबाई?"

 आत्याबाई घरात गेल्या आणि दिवसभर बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या सुगीला आम्ही सरवा वेचला, तिच्याच अंगणात पेव भरलं. आषाढातच उघडलं. "थांबा" म्हणणाऱ्या पुष्कळ होतो, ऐकणारी एकही नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी अर्धंच भरलं. मग एका पावसात भिंत पुन्हा खचली, ती आम्ही कोणी उचलली नाही. हुसेनबी जालन्यात वारल्याची खबर आली तीही उशिरा, कोणी बाजारकरू सांगून गेला. कुठल्या वर्षी ते आठवत नाही.

मला आठवते ती गाडी. पिंजण मागे बांधलेलं, गोणी, एक वाकळ, आणि ती मागे तोंड करून बसलेली. मी ओढ्यापर्यंत चालत गेले.  ओढा उतरताना गाडी हेलकावली, तिने एका हाताने दांडी धरली, दुसऱ्या हाताने पदराची गाठ सोडली. मला वाटलं, मला देते की काय, म्हणून मी हात पुढे केला. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती गावाकडे बघत होती. तिने चतकोर काढला, त्याचा एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. गाडी पलीकडच्या चढाला लागली तरी ती सावकाश चावत होती, सगळा संपेपर्यंत.